तार तीच, व्यवहार नवा

मुंबईत गिरगावात किंवा लालबागला एखाद्या जुन्या चाळीच्या गच्चीवर उभे राहिले, म्हणजे आपल्याकडील दूरचित्रवाणीचा पन्नास वर्षांचा इतिहास एका दृष्टिक्षेपात वाचता येतो. कोपऱ्यात काड्या मोडलेला, गंजलेला ॲन्टेना दिसतो. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनच्या काळाचा तो अवशेष. कठड्यावरून खाली उतरलेली जाड काळी केबल १९९० नंतरच्या दशकाची साक्ष देते. तिच्या शेजारी आकाशाकडे तोंड करून बसविलेल्या लहान तबकड्या २००३ नंतरच्या. या सर्वांवरून अलीकडेच ओढलेली, सुतळीहून बारीक अशी फायबरची तार सर्वांत धाकटी. साधने बदलत गेली. परंतु घरातील चित्रापर्यंत जाणारा मार्ग गच्चीवरून किंवा जिन्यावरूनच जात असे, आणि त्या मार्गावर कोणीतरी उभा असे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दार वाजवून पैसे मागणारा केबलवाला हा या मार्गाचा राखणदार होता.

मोबाइलने हा मार्गच अनावश्यक ठरविला. लोकलच्या डब्यात उभा असलेला कारकून आणि वसतिगृहातला विद्यार्थी हातातल्या यंत्रावर मालिका पाहतो, क्रिकेटचा सामना पाहतो, बातम्याही पाहतो. त्यासाठी त्याला ना गच्ची लागते ना केबलवाला. साहजिकच, पैसे घेऊन वाहिन्या दाखविण्याचा धंदा आता संपला, असे भाकीत सर्रास केले जाते. वस्तुस्थिती मात्र इतकी सरळ नाही. हा धंदा आपले रूप पालटत आहे. त्या पालटात मोठे तरत आहेत, लहान बुडत आहेत आणि प्रेक्षक ज्या जाचातून सुटल्याचा आनंद मानतो, तोच जाच वेगळ्या नावाने त्याच्याकडे परत येत आहे. म्हणूनच या स्थित्यंतराकडे केवळ तंत्रज्ञानाची नवलाई म्हणून पाहून चालणार नाही.

साखळी आणि तिचे दुवे

केबलचा धंदा कोणत्याही धोरणातून जन्मलेला नाही. १९८० नंतरच्या दशकात मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांमधून एका व्हिडिओ यंत्राला तारा जोडून साऱ्या इमारतीला चित्रपट दाखविण्याची प्रथा पडली, तीच याची सुरुवात. जानेवारी १९९१ मधील आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहावरून थेट दिसू लागली. त्याच वर्षी स्टार आणि पुढल्या वर्षी, २ ऑक्टोबर १९९२ रोजी, झी या वाहिन्या अवतरल्या. या वाहिन्या उतरवून घेण्यासाठी मोठी तबकडी हवी होती आणि ती एका कुटुंबाला परवडणारी नव्हती. वस्तीतल्या एखाद्या उद्योगी तरुणाने कर्ज काढून ती बसविली, खांबाखांबांवरून तारा नेल्या आणि शंभर-दोनशे घरे जोडली. शिक्षण अर्धवट राहिलेल्या, गिरणी बंद पडल्यामुळे हात रिकामे झालेल्या कित्येकांना या तारेने पोटापाण्याचे साधन दिले. सरकारने कायदा केला तो त्यानंतर, १९९५ साली.

पुढे या धंद्याची एक साखळी तयार झाली. वर वाहिनीचा मालक, मध्ये अनेक वाहिन्या एकत्र करून त्यांचा संकेत शहरभर पुरविणारा मोठा वितरक, आणि सर्वांत खाली गल्लीतला केबलवाला. या साखळीत प्रत्येकाचा दुसऱ्यावर अविश्वास होता. केबलवाला आपली खरी ग्राहकसंख्या सांगत नाही, अशी वाहिन्यांची तक्रार. वाहिन्या नको असलेल्या दहा वाहिन्यांचा गठ्ठा हव्या असलेल्या एकीबरोबर गळ्यात मारतात, अशी केबलवाल्याची तक्रार. आणि या दोघांच्या भांडणात ऐन सामन्याच्या दिवशी पडदा काळा होतो, ही प्रेक्षकाची तक्रार. २००४ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ट्रायकडे, हे क्षेत्र सोपविण्यात आले आणि तेव्हापासून या तक्रारींचा निवाडा करणे हाच या संस्थेचा एक मोठा उद्योग होऊन बसला आहे.

२०११ साली कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक घरी सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. ऑक्टोबर २०१२ अखेर महानगरे, मार्च २०१३ अखेर पुणे, नागपूर, नाशिक यांसारखी शहरे आणि मार्च २०१७ पर्यंत उरलेला देश, असे हे डिजिटलीकरण टप्प्याटप्प्याने पार पडले. त्यामागोमाग नवे दरपत्रक आले. ते १ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आले. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जाळ्याचा आकार म्हणून १३० रुपये, त्यावर वस्तू व सेवा कर धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यानंतर ज्या सशुल्क वाहिन्या हव्या त्यांचे वेगळे पैसे, अशी ही रचना. ग्राहकाला निवडीचे स्वातंत्र्य देणे हा तिचा हेतू होता आणि तो चांगला होता. प्रत्यक्षात मात्र शेकडो वाहिन्यांची यादी समोर ठेवून हिशेब करणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे ठरले. लोक पुन्हा तयार गठ्ठ्यांकडेच वळले आणि पुष्कळ घरांत महिन्याचा खर्च घटण्याऐवजी वाढल्याची ओरड झाली.

हा मुहूर्त फारच वाईट होता. ज्या वेळी ग्राहकाला पहिल्या प्रथम आपल्या केबलच्या बिलाकडे डोळसपणे पाहायला लावले गेले, त्याच वेळी त्याच्या खिशात दुसरा पर्याय येऊन बसला होता.

उलटलेले पारडे

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइलवरील इंटरनेटचा दर काही महिन्यांत इतका खाली आला, की तोवर चैनीची वाटणारी गोष्ट गरजेची झाली. हॉटस्टार २०१५ मध्येच सुरू झाले होते. नेटफ्लिक्स आणि ॲमेझॉनची व्हिडिओ सेवा २०१६ मध्ये आली. आरंभी हे सारे महानगरी तरुणांचे खेळणे समजले गेले. परंतु जून २०२२ मध्ये जे घडले, त्याने हा गैरसमज पुसून टाकला. आयपीएल क्रिकेट स्पर्धेच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या हक्कांचा लिलाव झाला, तेव्हा भारतीय उपखंडातील दूरचित्रवाणीच्या हक्कांना २३,५७५ कोटी रुपये मिळाले, तर इंटरनेटवरून दाखविण्याच्या हक्कांचे दोन संच मिळून रक्कम २३,७५८ कोटींवर गेली. फरक थोडा होता, पण पारडे उलटले होते.

आकडे पुढेही तेच सांगतात. तबकडीवरून थेट घरात प्रक्षेपण देणाऱ्या कंपन्यांचे, म्हणजे डीटीएचचे, ग्राहक २०२० च्या अखेरीस ७ कोटींच्या घरात होते. मार्च २०२५ अखेर ते पावणेसहा कोटींच्याही खाली आले. केबल वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे पैसे देऊन दूरचित्रवाणी पाहणारी घरे २०१८ मध्ये १५ कोटी १० लाख होती, ती २०२४ मध्ये ११ कोटी १० लाख उरली. सहा वर्षांत ४ कोटी घरे गळाली. यांतील सारी मोबाइलकडे गेली, असेही नव्हे. प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिशवर दरमहा काहीच द्यावे लागत नाही. एकदा तबकडी आणि बॉक्स विकत घेतला, की काम भागते. खेड्यापाड्यांतील आणि शहरांच्या कडेच्या वस्त्यांतील लक्षावधी कुटुंबांनी हा मार्ग धरला. म्हणजे वरचा ग्राहक इंटरनेटकडे आणि खालचा ग्राहक फुकट तबकडीकडे, अशा दोन्ही बाजूंनी सशुल्क दूरचित्रवाणीचा काठ कोसळत आहे.

जुळवून घेण्याच्या तीन तऱ्हा

अशा वेळी या व्यावसायिकांनी काय केले? त्यांच्या धडपडीत तीन तऱ्हा स्पष्ट दिसतात.

पहिली तऱ्हा तारेचा उपयोग बदलण्याची. ज्या तारेतून वाहिन्या जातात तिच्यातून इंटरनेटही जाऊ शकते, हे केबलवाल्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. आता तेच मुख्य उत्पन्न होऊ लागले आहे. २०२४ च्या अखेरीस देशात मोबाइलवर ब्रॉडबँड वापरणारे ९० कोटींच्या घरात होते, तर तारेने ब्रॉडबँड घेणाऱ्या जोडण्या सुमारे ४ कोटी होत्या. ज्याच्याकडे घरोघर गेलेली तार आहे त्याला येथे अजून वाव आहे, हा या आकड्यांचा अर्थ. तो सर्वांआधी ओळखला तो मोठ्या भांडवलाने. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सने डेन आणि हॅथवे या दोन मोठ्या केबल कंपन्यांतील बहुसंख्य भागभांडवल घेण्याचे जाहीर केले. या व्यवहारात वाहिन्यांच्या वितरणापेक्षा लक्षावधी घरांच्या दारापर्यंत पोहोचलेली तार अधिक मोलाची होती.

दुसरी तऱ्हा पेटी बदलण्याची. जुन्या सेट टॉप बॉक्सच्या जागी उपग्रहावरील वाहिन्या आणि इंटरनेटवरील ॲप दोन्ही दाखविणारा बॉक्स आला. एअरटेलने आपल्या डीटीएच सेवेला २०१९ मध्ये अशी जोड दिली. २०२१ मध्ये मोबाइल, ब्रॉडबँड आणि डीटीएच यांचे एकच बिल करण्याची योजना आणली. आणि मार्च २०२५ मध्ये तर तबकडीशिवाय, निव्वळ इंटरनेटच्या तारेवरून वाहिन्या देण्याची सेवा सुरू केली. आकाशातून येणारा संकेत सोडून जमिनीवरच्या तारेकडे वळण्याची पाळी आकाशाच्याच व्यापाऱ्यावर यावी, यातच सारे आले.

तिसरी तऱ्हा दुकान बदलण्याची. टाटा स्कायने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या नावातले आकाशच काढून टाकले आणि टाटा प्ले असे नाव घेतले. अनेक ॲप एका वर्गणीत आणि एका पडद्यावर देणारी सेवा पुढे केली. डिश टीव्हीनेही २०१९ मध्ये स्वतःचे ॲप काढले आणि पुढे त्यातून इतरांची ॲप एकत्र विकावयास घेतली. पूर्वी हे व्यावसायिक वाहिन्यांचे गठ्ठे विकत, आता ॲपचे विकू लागले. प्रत्येक ॲपची वर्गणी वेगळी, पासवर्ड वेगळा, मुदत वेगळी, याला कंटाळलेल्या ग्राहकाला कोणीतरी एकत्र बांधून देणारा हवाच होता.

यातून सर्वांचे साधेल, असे मात्र नाही. टाटा प्ले आणि एअरटेल यांच्या डीटीएच व्यवसायांच्या एकत्रीकरणाची बोलणी फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झाली आणि मे महिन्यात समाधानकारक तोडगा न निघाल्याने थांबली.

परदेशातील धडा

याच मार्गाने अमेरिका आणि ब्रिटन आधी गेले आहेत. अमेरिकेतील कॉमकास्ट या सर्वांत मोठ्या केबल कंपनीकडे २०१५ मध्येच दूरचित्रवाणीच्या ग्राहकांपेक्षा इंटरनेटचे ग्राहक अधिक झाले. ब्रिटनमधील स्काय या कंपनीची सारी ओळख तबकडीवर उभी होती. तिने २०२१ मध्ये तबकडीविना चालणारा दूरचित्रवाणी संच बाजारात आणला. सर्वांत बोलका प्रसंग मात्र २०२३ च्या ऑगस्टअखेरचा. चार्टर ही केबल कंपनी आणि डिस्ने यांच्यात दरावरून बिनसले आणि जवळजवळ दीड कोटी घरांतून डिस्नेच्या वाहिन्या दिसेनाशा झाल्या. चार्टरचे म्हणणे साधे होते. तुमचे उत्तम कार्यक्रम तुम्ही स्वतःच्या ॲपवर वेगळे विकता आणि आमच्या ग्राहकाकडून मात्र वाहिनीचे पूर्ण दाम मागता, हे चालणार नाही. बारा दिवसांत तडजोड झाली आणि डिस्नेचे ॲप चार्टरच्या अनेक ग्राहकांना वाहिन्यांच्या वर्गणीतच मिळू लागले. मधला माणूस बळकट असेल, तर तो ग्राहकाच्या वतीने भांडू शकतो, हा या प्रसंगाचा धडा. आपल्याकडील गल्लीतला केबलवाला तेवढा बळकट नाही, हे ओघानेच आले.

एकच सामना, दोन कायदे

भारतातील केबलवाल्याची कोंडी बाजारापुरती नाही, ती कायद्याचीही आहे. वाहिनी केबलवरून दाखवायची झाली तर तिचा दर जाहीर करावा लागतो, गठ्ठ्यात घालावयाच्या वाहिनीच्या किमतीवर मर्यादा पाळावी लागते, सर्व वितरकांना सारख्या अटींवर ती द्यावी लागते. डीटीएच कंपन्यांना तर उत्पन्नाच्या आठ टक्के परवाना शुल्क भरण्याचे बंधन आले. ते क्रमाने कमी करून २०२६-२७ नंतर पूर्णपणे रद्द करावे, अशी शिफारस ट्रायनेच ऑगस्ट २०२३ मध्ये केली. परंतु तोच कार्यक्रम, तोच सामना त्याच मालकाच्या ॲपवरून दाखविला, तर यांतील एकही नियम लागू होत नाही. २०२३ मध्ये आयपीएलचे सामने जिओसिनेमावर फुकट दाखविण्यात आले. त्याच वर्षीच्या विश्वचषकाचे सामने हॉटस्टारने मोबाइलवर फुकट ठेवले आणि १९ नोव्हेंबर रोजी अहमदाबादच्या अंतिम सामन्याच्या वेळी एका क्षणी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक त्या ॲपवर होते. केबलच्या ग्राहकाला मात्र ती वाहिनी पैसे भरूनच घ्यावी लागत होती. केबल वितरकांच्या संघटनेने या विरोधात दाद मागितली. दूरसंचार न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२३ मधील अंतरिम आदेशात, असे ॲप म्हणजे दूरचित्रवाणी वाहिनी नव्हे आणि ते ट्रायच्या कक्षेत येत नाही, असे म्हटले.

कायद्याच्या शब्दांत हे बरोबर असेलही. व्यवहारात त्याचा परिणाम काय झाला, ते पाहणे उद्बोधक आहे. फुकटाची ही खिडकी कायमची नव्हतीच. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी रिलायन्स आणि डिस्ने यांच्या भारतातील माध्यम व्यवसायांचे एकत्रीकरण पूर्ण झाले. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी दोन्ही ॲप मिळून जिओहॉटस्टार झाले. आणि त्या वर्षीच्या आयपीएलचे सामने पूर्ण पाहण्यासाठी वर्गणी किंवा ठरावीक रकमेचे रिचार्ज लागू लागले. स्पर्धा होती तोवर फुकट, स्पर्धा सरली तशी वर्गणी. व्यापाराचा हा जुनाच नियम आहे आणि त्यासाठी व्यापाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच, की आज एकाच उद्योगसमूहाकडे सामन्याचे हक्क, वाहिनी, ॲप, मोबाइलचे सिम, घरातली फायबर आणि दोन मोठ्या केबल कंपन्या असे सारे दुवे आले आहेत. पूर्वी साखळीतले दुवे एकमेकांशी भांडत आणि त्या भांडणात प्रेक्षकाला निदान भाव करण्याला जागा राहत असे. साखळीच एकाची झाली, की भांडणही संपते आणि भावही.

इंटरनेटवरील प्रक्षेपणाच्या खर्चाचे गणितही येथे ध्यानात घेतले पाहिजे. उपग्रहावरून उतरणारा संकेत एका घराने पाहिला काय आणि एक कोटी घरांनी पाहिला काय, प्रक्षेपणाचा खर्च तेवढाच राहतो. इंटरनेटवर साधारणतः प्रत्येक प्रेक्षकासाठी वेगळा प्रवाह पाठवावा लागतो. प्रेक्षक वाढले की भार आणि खर्च दोन्ही वाढतात. लक्षावधी लोकांनी एकाच वेळी एकच गोष्ट पाहावयाची असेल, तर जुने प्रक्षेपण हेच अद्याप स्वस्त साधन आहे. इंटरनेटविना थेट मोबाइलवर प्रक्षेपण उतरविण्याच्या चाचण्यांत प्रसार भारतीने रस घेतला, तो यासाठीच. त्यामुळे जुने ते टाकाऊ आणि नवे ते स्वस्त, हा समज तपासून घ्यावयास हवा. आज नवे स्वस्त वाटते, ते पुष्कळ अंशी कोणीतरी तोटा सोसत असल्यामुळे.

गल्लीतला माणूस

या सर्व उलाढालीत ज्याचा विचार सर्वांत कमी होतो, तो गल्लीतला केबलवाला. त्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. दरपत्रकातील १३० रुपयांच्या आकारात, मोठ्या वितरकाशी वेगळा करार झाला नसेल तर, त्याचा वाटा शेकडा ४५, म्हणजे साडेअठ्ठावन्न रुपये धरण्यात आला. ३०० घरांचा धंदा असेल तर महिन्याला साडेसतरा हजार रुपये. सशुल्क वाहिन्यांवरील थोडी दलाली यात मिळवली, तरी त्यातूनच वीज, दुरुस्ती आणि हाताखालच्या मुलाचा पगार द्यावयाचा. यांतील पाऊणशे घरांनी जोडणी तोडली, की हाती तेरा हजार उरतात. खर्च मात्र तेवढाच राहतो, कारण तार २२५ घरांची असो की ३०० ची, पावसाळ्यात ती तुटावयाची तितकीच. जुलै २०२४ मध्ये ट्रायने या आकारावरील कमाल मर्यादा काढून टाकली. परंतु ग्राहक निघून जात असताना दर वाढविण्याचे स्वातंत्र्य म्हणजे बुडत्याला दिलेले पोहण्याचे पुस्तक.

त्याला पर्याय एकच, स्वतः इंटरनेट देणारा होणे. त्यासाठी लहान क्षेत्राचा परवाना मिळू शकतो. परंतु काळी केबल काढून फायबर टाकणे, यंत्रे घेणे, परवान्याचे कागद सांभाळणे आणि हे सारे करून महाकाय कंपनीच्या दराशी टक्कर देणे, हे एकट्याचे काम नव्हे. म्हणून बहुतेक जण एखाद्या मोठ्या कंपनीचे हस्तक होतात. तार त्यांनी ओढावयाची, तक्रार त्यांनी ऐकावयाची, ग्राहक मात्र कंपनीचा. तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला माणूस अशा रीतीने कमिशनवरचा कामगार होतो. त्याचे पूर्वीचे वर्तन निष्कलंक होते, असे कोणीही म्हणणार नाही. वस्त्यांच्या हद्दी वाटून घेणे, ग्राहकसंख्या लपविणे, हे प्रकार सर्वश्रुत आहेत. तरीही रात्री नऊ वाजता पडदा काळा झाला, तर ज्याला हाक मारता येत असे, असा तो शेजारचा माणूस होता. ॲप बंद पडले तर ज्याला हाक मारावयाची, त्याचा पत्ता कोणालाही ठाऊक नसतो.

मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीनेही या प्रश्नाला एक अंग आहे. १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ई टीव्ही मराठी, २००८ मध्ये स्टार प्रवाह, अशा वाहिन्या उभ्या राहिल्या त्या केबलच्या तारेवर. त्या सर्व मराठी घरांत एकाच वेळी, एकाच किमतीत पोहोचत होत्या. आजी, सून आणि नातवंडे एका खोलीत बसून त्या पाहत होती. ॲपच्या जगात भाषा हा शेकडो रकान्यांतला एक रकाना होतो आणि काय पुढे ठेवावयाचे हे प्रेक्षकाच्या मागील आवडीवरून यंत्र ठरविते. २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने वेव्हज हे आपले ॲप सुरू केले. दूरदर्शनचा जुना ठेवा त्यामुळे लोकांसमोर आला, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तोही कमावत्या माणसाबरोबर दिवसभर बाहेर असतो, त्या घरातील वृद्धांना आणि गृहिणींना त्याचा उपयोग काय, हा प्रश्न उरतोच.

काय करता येईल

९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेटच्याच प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निर्णय दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या त्या निकालपत्राने हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरविली आणि तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू नये, तशी ती मूठभर खाजगी हातांतही जाऊ नये, हे सूत्र घालून दिले. लहरींची जागा आज बव्हंशी फायबरने घेतली आहे आणि फायबर खाजगी मालकीची आहे. सूत्रामागचा विचार मात्र जुना झालेला नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रक्षेपण सेवांच्या नियमनासाठी नव्या विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. इंटरनेटवरील कार्यक्रमांच्या आशयावर सरकारी अंकुश येईल या भीतीने त्यावर टीका झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नवा मसुदा काढण्याचे सरकारने जाहीर केले. ही भीती अनाठायी नाही. परंतु काय दाखवावे याचे नियमन आणि ते कोणत्या व्यापारी अटींवर पोहोचवावे याचे नियमन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीपासून सरकारने दूर राहावे. दुसरीपासून दूर राहता येणार नाही. एकच सामना तारेने दाखविला तर सतरा बंधने आणि ॲपने दाखविला तर एकही नाही, ही विषमता दोन मार्गांनी घालविता येते. ॲपवर बंधने वाढवून किंवा तारेवरची बंधने कमी करून. दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा. त्याच्या जोडीला दोन गोष्टी मात्र आवश्यक आहेत. कार्यक्रमांचे हक्क आणि ते पोहोचविण्याचे जाळे दोन्ही एकाच्या हाती असतील, तर त्याने ते कार्यक्रम इतर वितरकांनाही रास्त अटींवर देणे बंधनकारक असावे. आणि लहान केबलवाल्यांना एकत्र येऊन सहकारी तत्त्वावर फायबरचे जाळे उभारावयाचे असेल, तर त्यासाठी परवान्याची आणि कर्जाची वाट सोपी करावी. सहकाराने साखर आणि दूध यांचे व्यवहार उभे केलेल्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये.

प्रेक्षकानेही एक हिशेब अधूनमधून करून पाहण्यासारखा आहे. केबल तोडून वाचविलेले पैसे, आणि त्यानंतर मोबाइलचे रिचार्ज, घरचे वायफाय व तीन-चार ॲपच्या वर्गण्या यांवर जाणारे पैसे, हे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहावेत. पुष्कळ घरांत दुसरी बेरीज पहिलीहून मोठी निघेल. निवड वाढली, ही गोष्ट खरी. ती किती वाढली आणि तिची किंमत कोण ठरवितो, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाने सोडू नये. गच्चीवरच्या काळ्या केबलीच्या जागी बारीक फायबर आली, तरी तिच्या दुसऱ्या टोकाला कोण बसला आहे, याची चौकशी त्याला करावीच लागेल.